दोन हजार वर्षं की सत्तर?

माझ्या बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. माझी आतेबहीण, आम्हा सगळ्यांची ताई, तायक्वांदो शिकवते. लहानपणी ती आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) पद्धतीच्या क्लासला जायची, पुढे तिने सोलच्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेचा ब्लॅक बेल्ट मिळवला आणि आता स्वतःचा क्लास चालवते. तिने क्लासचं माहितीपत्रक शुद्धलेखन तपासायला बाबांकडे दिलं आणि त्यावरून दोघांचा जो वाद झाला, तो मला लिहून ठेवण्याजोगा वाटला. मी तिथेच होतो. माझंही या विषयावर मत आहे आणि ते मी मधे मधे सांगणार आहे.

बाबा: अगं, शुद्धलेखन ठीक आहे. पण मी पहिल्याच वाक्यापाशी अडलोय. ‘तायक्वांदो ही दोन हजार वर्षांची प्राचीन कोरियन युद्धकला आहे.’ हे कशावरून लिहिलंस?

ताई: सगळीकडे हेच लिहितात, मामा. कोगुर्यो राजवटीच्या थडग्यांतली चित्रं आहेत ना, दोन माणसं पवित्रा घेऊन समोरासमोर उभी असलेली. शिवाय शिल्ला राज्यातले ह्वारांग तरुण. त्यांची पाच व्रतं होती, वॉन ग्वांग नावाच्या भिक्षूने दिलेली.

बाबा: चित्रं आहेत. जिआन गावाजवळ, आज ती जागा चीनच्या हद्दीत येते. पण त्या चित्रातल्या माणसांपासून तुझ्या गुरूंपर्यंत गुरुशिष्यांची एक तरी सलग साखळी दाखव. नाही दाखवता येणार. जी साखळी दाखवता येते ती जपानला जाते. ली वॉन-कुक यांनी १९४४ मध्ये सोलला छुंग दो क्वान ही शाळा काढली. ते शिकले गिचिन फुनाकोशींकडे, कराटे. ज्यांनी तायक्वांदो हे नाव पुढे आणलं ते जनरल चोई होंग ही, तेही जपानमध्ये विद्यार्थी असताना कराटेच शिकले. आणि नाव ठरलं ११ एप्रिल १९५५ ला. आपल्या गल्लीतला मारुतीही याहून जुना आहे.

ताई: नाव ५५ चं असेल. पायाने लढायची रीत तर त्यांचीच ना? तेक्योन हा तिथला जुना खेळ होताच की. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलंय.

बाबा: तेक्योन होतं, नाही कोण म्हणतंय? पण सुरुवातीच्या या क्वानांमध्ये शिकवायचे ते कराटेचे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे आकृतिबंध. पिनान या काताला प्योंगआन म्हणायचे. अक्षरं तीच, उच्चार फक्त कोरियन. १९५४ ची हकिकत तर चोईंनीच सांगितलेली आहे. सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर प्रात्यक्षिक केलं, ते पाहून री म्हणाले, अरे हे तर तेक्योन! मग तेक्योनच्या जवळ जाणारं नाव शोधणं आलं. या उंच लाथा, हवेत फिरून मारायच्या लाथा कोरियन मुलांनी त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत घडवल्या. ते श्रेय द्यायला मी एका पायावर तयार आहे. दोन हजार वर्षांचं मात्र नाही.

इथवर बाबांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण बाबा तिथे थांबत नाहीत. त्यांचं पुढचं पाऊल असं की, हे सगळं इतकं अलीकडचं आणि उसनं असेल, तर आपल्याकडच्या आठ-दहा वर्षांच्या पोरांकडून कोरियन शब्दांची घोकंपट्टी कशासाठी? आणि तिथे मी बाबांपासून वेगळा होतो.

बाबा: परवा तुझ्या परीक्षेला आलो होतो. पांढऱ्या पट्ट्यातली एक चिमुरडी तायक्वांदोची पाच तत्त्वं धडाधडा म्हणत होती. ये उई, योम ची, इन ने, गुक गी, बेकजुल बुलगुल. मी नंतर तिला विचारलं, बाळ, योम ची म्हणजे काय? म्हणाली, दोन नंबर.

ताई: ती सात वर्षांची आहे, मामा. शुभंकरोती म्हणताना आपल्याला तरी अर्थ कळत होता का?

बाबा: नव्हता, पण तो विचारायची मुभा होती. बरं, अर्थ कळणाऱ्या मुलांचं काय? ही तुझीच जुनी वही, आयटीएफच्या वेळची. वॉन ह्यो या आकृतिबंधाखाली तू सुवाच्य अक्षरात लिहिलंयस, ‘वॉन ह्यो या थोर भिक्षूने ६८६ साली शिल्ला राज्यात बौद्ध धर्म आणला.’ आता ऐक. शिल्लाने बौद्ध धर्माला राजमान्यता दिली ५२७ च्या सुमारास. वॉन ह्यो जन्मला ६१७ ला आणि ६८६ ला वारला. म्हणजे तुमच्या पुस्तकात त्याच्या मृत्यूचं साल धर्म आणल्याचं साल म्हणून छापलंय आणि जगभरची मुलं ते पाठ करून पट्टे मिळवतायत. पाठांतराचं हे असं होतं. चूकसुद्धा पवित्र होऊन बसते.

ताई: हे मला माहीत नव्हतं.

बाबा: तुझा दोष नाही. पण बघ, हे सगळं मराठीत असतं तर कुणीतरी वाचून बघितलं असतं. कोरियन आहे म्हणून मंत्रासारखं म्हटलं गेलं.

ताई: नाही, इथे तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. चूक त्या माहितीत आहे, शब्दांत नाही. ती माहिती मी इंग्रजीतूनच पाठ केली होती. उलट कोरियन शब्द मुलांना सगळ्यात आधी कळतात, कारण ते अंगातून शिकतात. तुम्ही जरा उभे राहा. हात खाली. कंबरेखाली येणारा हल्ला अडवायचा. हे झालं आरे मक्की. तोच अडवणारा हात छातीच्या उंचीवर आला की मोमथोंग मक्की. डोक्यापर्यंत गेला की ओल्गुल मक्की. आता मक्कीच्या जागी जिरुगी घाला, ठोसा. मोमथोंग जिरुगी म्हणजे?

बाबा: छातीवर ठोसा.

ताई: झालं की! चागी म्हणजे लाथ. आप पुढे, योप बाजूला, द्वी मागे. आप चागी, योप चागी, द्वी चागी. सोन म्हणजे हात आणि नाल म्हणजे धार. बोटं जुळवून हाताच्या कडेने अडवलं तर सोननाल मक्की. दहा-बारा शब्द हाताशी आले की मूल अभ्यासक्रमातल्या पुढच्या पट्ट्याची यादीसुद्धा न शिकवता वाचतं. ही घोकंपट्टी नाही, मामा. हे व्याकरण आहे.

बाबा: मग त्याच व्याकरणाने मराठी शब्द बनव. खालची अडवणूक, मधली अडवणूक. चारियोतच्या जागी सावधान म्हण. शाळेत म्हणतातच की.

ताई: म्हणेन. आणि माझा विद्यार्थी उद्या पुण्याला नाही तर ताश्कंदला खेळायला गेला की? पंच मोरोक्कोचा असो नाही तर मेक्सिकोचा, तो शिजाक म्हणाला की लढत सुरू, कल्यो म्हणाला की वेगळं व्हायचं, केसोक म्हणजे चालू ठेवा, कुमान म्हणजे संपलं. गमजोम म्हणाला की शिक्षा. समोरच्या खेळाडूची भाषा येत नसली तरी रिंगणात दोघांची भाषा एक असते. कबड्डी बघा ना. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोरियाने आपल्याला एका गुणाने हरवलं. ते कोरियन चढाईपटू एका दमात काय म्हणत होते? कबड्डी, कबड्डीच. त्यांनी त्याला कोरियन शब्द शोधला असता तर तुम्हाला आवडलं असतं?

बाबा: (थोडं थांबून) नसतं आवडलं.

कबड्डीचा मुद्दा बाबांना लागला, हे दिसलं. पण माझ्या मते ताईचा खरा मुद्दा याहून मोठा आहे आणि तो ती स्वतः पूर्ण मांडत नाही. म्हणून मी मधे पडलो.

मी म्हणालो, बाबा, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की कोरियावर १९१० ते १९४५ जपानचं राज्य होतं. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा जवळपास हद्दपार झाली. १९४० मध्ये लोकांना जपानी धर्तीची आडनावं घ्यायला लावली आणि त्याच वर्षी कोरियन भाषेतली मोठी दैनिकं बंद पाडली. १९४२ मध्ये तर कोरियन भाषेचा शब्दकोश तयार करणाऱ्या अभ्यासकांना पकडून तुरुंगात टाकलं. त्यातले दोघे तुरुंगातच वारले. जप्त झालेलं हस्तलिखित युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्ये, सोल रेल्वे स्टेशनच्या गोदामात सापडलं. शब्दकोश करणं हा जिथे गुन्हा होता, तिथली माणसं दहा वर्षांनी एका युद्धकलेतल्या प्रत्येक हालचालीला आपल्या भाषेत नाव देत बसली असतील, तर त्या नावांना वरवरची सजावट म्हणता येत नाही. आकृतिबंधाला आधी ह्योंग म्हणायचे. ती जपानी काताचीच अक्षरं. पुढे आयटीएफवाल्यांनी ह्योंग टाकून अस्सल कोरियन ‘तुल’ घेतलं आणि दक्षिण कोरियातल्यांनी पूमसे. कराटे शत्रूच्या घरून आलं होतं, हे त्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी ते फेकून दिलं नाही. बदललं, वाढवलं आणि आपल्या भाषेत बसवलं. मला तर तायक्वांदोचं सगळं तत्त्वज्ञान इथे दिसतं. दोन हजार वर्षांच्या कथेने नेमकं हेच झाकलं जातं.

बाबा: तू माझाच इतिहास माझ्यावर उलटवलास. पण चांगला उलटवलास.

ताई: जुंग गुन घ्या ना मामा, मी तेच म्हणत होते. आन जुंग-गुन, कोरियन क्रांतिकारक. २६ ऑक्टोबर १९०९, हार्बिन स्टेशनवर त्याने जपानी नेता इतो हिरोबुमीला गोळ्या घातल्या. मार्च १९१० मध्ये ल्युशुनच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याच्या नावाच्या तुलमध्ये ३२ हालचाली आहेत, कारण फाशी झाली तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. बत्तिसावी हालचाल संपते तेव्हा मुलाच्या पायांना ते वय कळलेलं असतं.

बाबा: इथेही गडबड आहे बघ. जन्म सप्टेंबर १८७९. फाशी मार्च १९१०. वय झालं तीस.

ताई: (हसत) आता माझी पाळी. कोरियातल्या जुन्या रीतीत मूल जन्मताच एक वर्षाचं धरतात आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकाने वाढतं. १८७९ ला एक. मोजा १९१० पर्यंत.

बाबांनी खरोखर बोटांवर मोजलं. बत्तीस आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला. चूक शोधायला निघालेल्या माणसाला हिशेब बरोबर सापडला तर जो होतो तो. कोरियाने २०२३ मध्ये सरकारी व्यवहारातून ही वयमोजणी काढून टाकली, पण तुलमध्ये ती शाबूत आहे.

बाबा: हे मात्र मुलांना सांगतेस ना? की फक्त बत्तीस पाठ करून घेतेस?

ताई: मी आता तुल शिकवत नाही. कुक्कीवॉनचा अभ्यासक्रम म्हणजे तेगुक पूमसे, एक ते आठ. त्यांत वीरपुरुष नाहीत, यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातली आठ चिन्हं आहेत. पहिलं तेगुक इल जांग, त्याचं चिन्ह आकाश. डावीकडे वळायचं, आरे मक्की, मग पुढे पाऊल टाकून मोमथोंग जिरुगी. चालताना पडतात तेवढीच छोटी पावलं. लहान मूल पहिल्यांदा जे करतं ते आकाश. आठवं, पाल जांग, पृथ्वी. ब्लॅक बेल्टच्या आधी सगळं शिकून माणूस परत जमिनीवर येतो. त्यापुढची काळ्या पट्ट्यातली पूमसे तर तुम्हाला आवडतीलच. कुमगांग म्हणजे वज्र. शेवटचं इलयो, त्यात जमिनीवर पावलांनी जी रेघ उमटते तिचा आकार स्वस्तिकाचा आहे. ते बौद्ध परंपरेतून, आणि त्याचा विचार परत त्याच वॉन ह्योचा.

बाबा: म्हणजे गेलं इथून, फिरून आलं तिथून. बरं, हे सगळं सुंदर आहे. पण मॅटवर मला ते दिसत नाही. मी ऑलिंपिकच्या लढती बघितल्या. एक पाय अधांतरी धरून दोघं एकमेकांना ढोसतात. छातीच्या कवचातलं यंत्र वाजलं की गुण. ठोशाला एक, कवचावर लाथ बसली तर दोन, डोक्याला तीन. यात आत्मसंयम कुठे आहे?

ताई: त्या लढती मलाही फारशा आवडत नाहीत. लंडन २०१२ पासून ते यंत्र आलं आणि मुलं गुणांसाठी पाय लांब करायला शिकली. पण पंचांच्या मर्जीवर मेडल जायचं, त्यापेक्षा हे बरं, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं चुकत नाही. माझ्याकडे निम्मे पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी आणि नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी येतात. येऊ देत. दोबोक, म्हणजे गणवेश, घालून दारात आलं की वाकायचं, लढत हरलं तरी समोरच्याच्या प्रशिक्षकाला जाऊन वाकायचं. माझ्याकडचा एक मुलगा हरल्यावर रडत होता, हेल्मेट काढवेना त्याला. तसाच गेला, वाकला, परत आला आणि मग रडला. ये उई, म्हणजे सौजन्य, हा शब्द त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

बाबा: हे मान्य. एकदम मान्य. पण तत्त्वज्ञान म्हणून जे सांगितलं जातं, ते सरकारं बदलली की बदलतं, त्याचं काय? दक्षिण कोरियात १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी आपल्या हस्ताक्षरात ‘राष्ट्रीय क्रीडा तायक्वांदो’ लिहून दिलं. पुढच्या वर्षी कुक्कीवॉन, १९७३ मध्ये जागतिक महासंघ. सगळं हुकूमशहाच्या छत्राखाली. आयटीएफ काढणाऱ्या चोईंचं त्याच पार्कशी बिनसलं, ते १९७२ मध्ये कॅनडाला गेले आणि ऐंशीच्या दशकात उत्तर कोरियाच्या जवळ गेले. मग एक तुल बदललं. तुला माहीत असेल.

ताई: कोदांग. ते काढून जुछे आणलं.

बाबा: कोदांग कोणाचं नाव होतं, ते सांग याला.

ताई: चो मान-शिक यांचं. त्यांना कोरियाचे गांधी म्हणायचे.

बाबा: नुसतं म्हणायचे नाही. प्योंगयांगमध्ये १९२० च्या दशकात त्यांनी स्वदेशी वस्तूंची चळवळ उभी केली, गांधीजींना आदर्श मानून, अहिंसेने. १९४६ मध्ये सोव्हिएत फौजेने त्यांना नजरकैदेत टाकलं, कारण ते वाकले नाहीत. अशा माणसाच्या नावाचं तुल पुसलं आणि त्याजागी उत्तर कोरियाच्या किम इल-सुंगच्या विचारसरणीचं नाव घातलं. आणि हे करणारे रोज मुलांकडून बेकजुल बुलगुल म्हणवून घेत होते, कधी न वाकणारी वृत्ती! मला राग याचा येतो, ताई. हाताने लढायला शिकवणाऱ्या कलेने गांधींच्या अनुयायाला जागा दिली होती, केवढी मोठी गोष्ट होती ती.

बाबांचा आवाज चढला होता. मला वाटतं, संपूर्ण वादात ते तायक्वांदोच्या सर्वांत जवळ इथे आले.

ताई: काही गट अजूनही कोदांग करतात, मामा. ३९ हालचालींचं आहे.

बाबा: मग तू शिकव. तुझ्या मुलांना शिकव. मराठी मुलांना कोरियन शब्दांत गांधींच्या वाटेवरचा माणूस भेटू दे. मी शब्दांबद्दलची माझी तक्रार मागे घेतो.

ताई: त्यांची गोष्ट सांगेन, नक्की सांगेन. तुल शिकवणार नाही. मी लहानपणी ते दुरून पाहिलंय, शिकलेली नाही. आयटीएफच्या ग्रंथात योम ची, म्हणजे सचोटी, समजावताना जी उदाहरणं दिलीत, त्यात एक आहे. स्वतःला नीट येत नसलेलं तंत्र विद्यार्थ्यांना शिकवणारा शिक्षक. त्याच्याकडे योम ची नाही.

बाबा: वा. मग हाच नियम दोन हजार वर्षांना लाव.

ताई: (बऱ्याच वेळाने) लावते. दोन हजार खोडा. पण ह्वारांगांची ओळ मी ठेवणार. मित्रांशी विश्वासाने वागा, विनाकारण जीव घेऊ नका. ही व्रतं तर खरी आहेत ना?

बाबा: व्रतं खरी. त्यांचा तायक्वांदोशी असलेला संबंध खरा नाही. ‘असं मानतात’ हे दोन शब्द जोड आणि ठेव.

ताई: ‘असं मानतात’ म्हटल्यावर मुलं घाम गाळत नाहीत, मामा.

बाबा: का नाही गाळत? जुंग गुनचं वय त्यांना सांग, दोन्ही पद्धतींनी मोजून दाखव. ती शब्दकोशाची गोष्ट सांग, गोदामातली. ती माणसं त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वयाची होती. त्यांच्यासाठी गाळतील.

ताई: गाळतील. तरी ह्वारांगांची ओळ मी ठेवणार.